नेति नेति, दीड लाखाच्या पुढे

कॅमेऱ्यांच्या बाजारात एक अजब कायदा चालतो. यंत्रातून एखादी सोय काढून टाकली की त्याची किंमत वाढते. झूम काढा, वाढते. फ्लॅश काढा, वाढते. वाकणारा स्क्रीन काढा, वाढते. रंग काढले, होय, रंगच, तर चांगली हजार डॉलरनी वाढते. (तो प्रताप लायकाचा. त्याच्याकडे येऊच.) उद्या कोणी लेन्सही काढून टाकली तर ते यंत्र मोक्षाच्या भावात विकलं जाईल, आणि त्यालाही वेटिंग लिस्ट लागेल.

या कायद्याला भक्तिभावाने पोसणारी एक जमात आहे. ‘सीरियस फोटोग्राफर’. रविवारी सकाळी दादरला केशवसुत पुलाखालच्या फुलबाजारात जा, थव्याने सापडतील. गळ्यात हाताने शिवलेला चामडी पट्टा, शटरच्या बटणावर स्क्रूने बसवलेली लाल टिकली, चेहऱ्यावर पोटात कळ आल्यासारखा भाव. झेंडूची पाटी डोक्यावर घेतलेला हमाल ‘ओ, बाजूला, बाजूला’ ओरडत येतो. हे हलत नाहीत. हे ‘लाइट’ बघत असतात. हमालाला पोटासाठी धावायचंय हा तपशील त्यांच्या चौकटीत बसत नाही. हमाल मात्र बसायला हवा, आणि तोही उजव्या तृतीयांशात.

अशाच एका तरुणाने मला विचारलं, “काका, तुम्ही कशावर शूट करता?”

“चहावर,” मी म्हटलं.

तो हसला नाही. गंभीर छायाचित्रकार हसत नाहीत. हसलं की हात हलतो.

त्याच्या गळ्यात होता फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय. आजचा आपला परीक्षणविषय तोच. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेला, २०११ साली बाजारात आलेल्या एक्स१००च्या घराण्यातला सहावा वंशज. अंगात ४ कोटी पिक्सेल, ३५ मिलिमीटरच्या बरोबरीची एकच लेन्स, अपर्चर एफ/२. झूम नाही. लेन्स बदलता येत नाही. अमेरिकेत आला तेव्हा १,६०० डॉलर, आपल्याकडे दीड लाखाच्या पुढे. तेही मिळाला तर! त्याच्या आधीचा एक्स१००व्ही टिकटॉकवर गाजला आणि वापरलेला नग नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. सेकंडहँड माल फर्स्टहँडपेक्षा महाग, हे अर्थशास्त्र मला कुठल्याही क्लासात शिकवलं नव्हतं.

मी हा कॅमेरा एका मित्राकडून उसना घेऊन वापरला. मित्राचं नाव देत नाही, कारण त्याने घरी किंमत निम्मी सांगितली आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कॅमेरा चांगला आहे. उत्तमच आहे. त्याच्या खिडकीतून बघितलं की समोरचं खरंखुरं जग दिसतं, काचेतून, आणि त्यावर चौकटीची पांढरी रेघ तरंगते. चौकटीबाहेरचंही दिसतं, म्हणजे माणूस फोटोत शिरायच्या आधीच तो येतोय हे कळतं. समोरची छोटी कळ ओढली की काच बंद, आणि त्याच खिडकीत इलेक्ट्रॉनिक चित्र. एकाच भोकात दोन दुनिया. ज्याने हे बनवलं त्याला माझा दंडवत. शटर लेन्सच्या आतच बसवलेलं, त्यामुळे आवाज जवळजवळ नाही आणि भर दुपारच्या उन्हातही वेगवान शटरवर फ्लॅश मारता येतो. प्रकाश चार स्टॉपनी कमी करणारा फिल्टर पोटातच आहे. थरथर सावरणारा सेन्सर आहे. हे सगळं ५२१ ग्रॅममध्ये.

मग तक्रार कसली? तक्रार आहे या यंत्राबरोबर फुकट येणाऱ्या प्रवचनाची. आणि ज्या सोयी जाणूनबुजून अडचणीच्या करून ठेवल्यात त्यांना ‘शिस्त’, ‘साधना’, ‘शुद्धता’ असली भरजरी नावं देऊन आपल्याच खिशातून पैसे काढण्याची.

आयएसओची चकती घ्या. शटरच्या चकतीलाच बाहेरून एक कडी आहे. ती चिमटीत धरून वर उचलायची, मग फिरवायची, आणि मधल्या तांदुळाएवढ्या खिडकीत सरकणारे आकडे वाचायचे. चाळिशी ओलांडली असेल तर आधी चष्मा शोधायचा. तोवर तो ‘क्षण’ हमालाच्या पाटीवर बसून भायखळ्याला पोचलेला असतो. आता ही रचना आली कुठून? फिल्मच्या कॅमेऱ्यांवरून. तिथे ती शहाणपणाची होती. रोल भरला की त्याची एएसए, म्हणजे आजचा आयएसओ, एकदा लावायची आणि छत्तीस फोटो होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. चुकून फिरू नये म्हणूनच तर ती उचलून फिरवायची! डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलता येतो, हा या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा. आणि आपण काय केलं? जी गोष्ट दर मिनिटाला बदलायची, तिच्यावर ती बदलू नये म्हणून बनवलेलं कुलूप बसवलं. वर त्याला म्हणायचं ‘टॅक्टाइल एक्स्पीरियन्स’.

गंमत पुढेच आहे. त्या चकतीवर ‘ए’ आणि ‘सी’ अशी दोन अक्षरं आहेत. ‘ए’वर ठेवलं की कॅमेरा स्वतःच आयएसओ ठरवतो. ‘सी’वर ठेवलं की चकतीला रामराम, बोटाशी असलेल्या चाकाने आयएसओ बदला. म्हणजे चकती केली कंपनीने, आणि ती न वापरण्याची सोयही केली कंपनीनेच. मी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे गंभीर लोक ‘ए’वर होते. चकती मग कशासाठी? इन्स्टाग्रामवर कॅमेऱ्याचा फोटो टाकताना ती वरून फार छान दिसते म्हणून.

आता लेन्स. एकच फोकल लेंथ. इथे प्रवचन टिपेला पोचतं. “झूम आळशी माणसांसाठी आहे. पायांनी झूम करा.” वा! दादरच्या फलाटावर उभं राहून समोरच्या फलाटावरच्या माणसाकडे पायांनी झूम करून दाखवा. तुमचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात, आमचा नाही. शिवाय हे विधान भूमितीलाच मान्य नाही. पुढे गेलं की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलतं. नुसता झूम केला तर बदलत नाही, चौकट फक्त आवळली जाते. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पण प्रवचनाला भूमितीचं काय सोयरसुतक?

आणि ज्यांनी झूमचा त्याग विकला, त्यांनीच मेनूत ‘डिजिटल टेलिकन्व्हर्टर’ ठेवलाय. एक बटण दाबा, ५० मिलिमीटर. पुन्हा दाबा, ७०. करतो काय? ४ कोटी पिक्सेलच्या चित्राचा मधला तुकडा कापून देतो. ५०ला साधारण २ कोटी उरतात, ७०ला १ कोटी. फोनवर आपण दोन बोटांनी करतो तेच. फोनवर केलं की आळस, यावर केलं की ‘क्रिएटिव्ह फ्लेक्झिबिलिटी’. तेही पुरत नसेल तर लेन्सवर स्क्रूने बसवायचे दोन कन्व्हर्टर मिळतात, एक २८चा, एक ५०चा, अर्थात वेगळे पैसे देऊन. उपवासाला चालणारे पदार्थ इतके झाले की उपवास कोणता ते आठवेना.

पावसाचं सांगतो, कारण तो विषय आपल्या भागात थट्टेचा नाही. कंपनी सांगते, कॅमेरा ‘वेदर रेझिस्टंट’ आहे. पुढे बारीक अक्षरात एक अट. लेन्सच्या पुढच्या तोंडाला अडॅप्टर रिंग लावलेली हवी, आणि त्या रिंगवर फिल्टर लावलेला हवा. रिंग वेगळी घ्या. फिल्टर वेगळा घ्या. म्हणजे दीड लाखाची छत्री घेतली आणि दुकानदार म्हणाला, “काड्या एकदम वॉटरप्रूफ आहेत साहेब, कापड पलीकडच्या काउंटरवर.” अंगाला सगळीकडून रबर लावून झाल्यावर तोंड तेवढं उघडं का ठेवलं? लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना हलतो, हे कारण असेल तर रिंग पेटीतच द्या ना! तेवढ्याने कंपनी रस्त्यावर येणार नव्हती. पण पेटीत दिली असती तर ती सोय झाली असती. वेगळी विकली की ती ‘अॅक्सेसरी’ होते, आणि अॅक्सेसरीवर गंभीर माणसाचा जीव असतो.

आता दाणे. फिल्मवर जे दाणे दिसायचे, ते घालवण्यासाठी जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि नंतर सेन्सर बनवणाऱ्यांनी आयुष्यं खर्ची घातली. दाणे गेले. चित्र स्वच्छ, नितळ झालं. मग याच कॅमेऱ्याच्या मेनूत जा : ‘ग्रेन इफेक्ट’. कमी की जास्त? बारीक की मोठे? एका चिपने दाणे काढायचे आणि त्याच चिपने परत पेरायचे. सोबत २० ‘फिल्म सिम्युलेशन’. व्हेल्व्हिया, प्रोव्हिया, अॅक्रॉस, क्लासिक क्रोम, आणि एक्स मालिकेत या मॉडेलबरोबर नव्याने आलेलं रिअला एस. यातले बरेचसे सुंदर आहेत हे मी नाकारत नाही. ज्या कंपनीने खरोखरची फिल्म बनवली तिला रंग कळणारच. मला मजा वाटते ती त्यानंतरच्या स्वयंपाकाची. लोक एकमेकांना ‘रेसिपी’ देतात. हायलाइट उणे एक, कलर अधिक दोन, ग्रेन स्ट्राँग. ४ कोटी पिक्सेल विकत घ्यायचे आणि त्यातून १९७८ सालच्या अल्बममधल्या मुंजीसारखा फोटो काढायचा. खऱ्या मुंजीचे फोटो घरी ट्रंकेत पडलेत, त्यांना वाळवी लागली आहे, ते स्कॅन करायला मात्र वेळ नाही.

हा रोग फुजीचा एकट्याचा नाही. ‘गंभीरांसाठी लहान कॅमेरा’ या प्रकाराचा सगळा इतिहास म्हणजे काढून घेण्याचा आणि परत विकण्याचा इतिहास. कॅननच्या जी मालिकेकडे बघा. २००४चा जी६ : एफ/२ची लेन्स, फिरणारा स्क्रीन, रॉ फाइल. २००६चा जी७ आला आणि लेन्स मंद झाली, स्क्रीन खिळला, रॉ गायब. २००७ला जी९मध्ये रॉ परत आली, नवीन वैशिष्ट्य म्हणून! २००८च्या जी१०मध्ये साडेसात बाय साडेपाच मिलिमीटरच्या सेन्सरवर १ कोटी ४७ लाख पिक्सेल कोंबले आणि ही प्रगती आहे असं सांगितलं. २००९ला जी११ : पिक्सेल १ कोटीवर खाली, आणि हीही प्रगती. वर फिरणारा स्क्रीनही परत. पाच वर्षांत जिथून निघालो जवळजवळ तिथेच पोचलो, आणि प्रत्येक थांब्यावर तिकीट काढलं.

सिग्माचा डीपी१ आणखी विनोदी. २००६ला घोषणा, हातात पडला २००८ला. लेन्स एफ/४, म्हणजे संध्याकाळी सहानंतर त्याला रातांधळेपणा. आणि पिक्सेल किती? जाहिरातीत १ कोटी ४० लाख. चित्र उघडून बघावं तर २,६५२ गुणिले १,७६८, म्हणजे ४७ लाख. उरलेले? सेन्सरला लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशासाठी तीन थर होते, म्हणून गुणिले तीन. या हिशोबाने माझा दोन खोल्यांचा फ्लॅट सहा खोल्यांचा आहे. जमीन, भिंत आणि छत वेगळं मोजा. सेन्सर मुळात अफलातून होता, रंग आजही डोळ्यांत भरतात. त्याला या भागाकार-गुणाकाराची गरजच नव्हती.

‘एक इंची’ सेन्सर ऐकलंय ना? २०१२च्या सोनी आरएक्स१००ने प्रसिद्ध केलेला. त्याची लांबी १३.२ मिलिमीटर, रुंदी ८.८, कर्ण १६च्या आत. इंच २५.४चा असतो. मग इंच कुठे आहे? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासात. ती नळी केव्हाच अडगळीत गेली, तिचं माप मागे राहिलं. नसलेल्या नळीचा इंच नसलेल्या झूमइतकाच पवित्र.

त्याच सोनीचा आरएक्स१. २०१२, फुल फ्रेम सेन्सर, २,८०० डॉलर. डोळा लावून बघायची खिडकी? वेगळी घ्या. लेन्सचा हूड? वेगळा घ्या. २०१५च्या मॉडेलमध्ये खिडकी आत आली, स्क्रीनही वाकू लागला, वाटलं, सुधारले. मग दहा वर्षं शांतता. २०२५ला तिसरा अवतार : पिक्सेल वाढले, लेन्स तीच २०१२ची, थरथर सावरायची सोय नाही, आणि वाकणारा स्क्रीन काढून टाकलेला. किंमत? ५,००० डॉलरच्या वर. हूड अजूनही वेगळा. दहा वर्षं तपश्चर्या करून ऋषींनी वर काय मागितला, तर मान वळेनाशी कर.

आणि लायका. २००८ साली पॅनासॉनिकने एलएक्स३ काढला, छान कॅमेरा. त्याच्या लेन्सचं झाकण एका दोरीला लटकायचं. तोच कॅमेरा थोडी वेशभूषा बदलून, लाल ठिपका लावून लायकाचा डी-लक्स ४ म्हणून कितीतरी जास्त भावाने विकला गेला. मला त्या ठिपक्याचं कौतुक आहे. कुंकवाच्या टिकलीने माणसाचं भाग्य बदलतं हे ऐकून होतो; अॅल्युमिनियमचंही बदलतं. पण कळस क्यू२ मोनोक्रोमचा. क्यू२ रंगीत, ५,००० डॉलर. २०२०ला त्यावरचा रंगांचा फिल्टर काढून फक्त कृष्णधवल चित्र देणारा क्यू२ मोनोक्रोम आला, ६,००० डॉलर. तांत्रिक फायदा आहे, कबूल : फिल्टर गेला की सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो आणि बारकावे वाढतात. पण कमी मालाला जास्त पैसे देताना ग्राहकाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते काही जास्त प्रकाशामुळे नाही.

हे सगळं होतं कशामुळे? उत्तर तत्त्वज्ञानात नाही, खतावणीत आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना दरवर्षी आकडे देते. २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ८० लाखही नाहीत. मधल्या काळात फोन आला आणि वाढदिवसाचे, सहलीचे, बारशाचे फोटो घेऊन गेला. स्वस्त, लहान कॅमेरा मेला. कोट्यवधी ग्राहकांना थोडं थोडं विकायचा धंदा संपला, थोड्या ग्राहकांना खूप महाग विकायचा धंदा उरला. आता खूप महाग विकायचं तर ‘सोय’ विकून भागत नाही, कारण सोयीत फोन बाप आहे. मग विकायचं काय? गैरसोय. तिला कथा जोडायची, परंपरा जोडायची, एखादा आकडा कोरायचा. फुजीफिल्मची स्थापना १९३४ची, म्हणून नव्वदाव्या वर्षी एक्स१००व्हीआयची १,९३४ नगांची खास आवृत्ती. आत तोच कॅमेरा, वर जुनं बोधचिन्ह कोरलेलं, सोबत पट्टा आणि पेटी. ४०० डॉलर जास्त. स्थापना १८५७ची असती तर नग आणखी कमी पडले असते, असा माझा निष्कर्ष.

याच कंपनीने २०२५ला या सगळ्याची तार्किक परिणती करून दाखवली. ‘एक्स हाफ’ नावाचा ८५० डॉलरचा कॅमेरा. रॉ फाइल नाही. आणि त्यात एक ‘फिल्म कॅमेरा मोड’ : आधी ३६, ५४ की ७२ फोटोंचा रोल ते ठरवा. मग तो संपेपर्यंत काढलेला एकही फोटो बघता येणार नाही. प्रत्येक फोटोनंतर खटका ओढून ‘फिल्म’ पुढे सरकवायची. कुठली फिल्म? नाहीच आहे! रोल संपला की फोनवरच्या अॅपमध्ये फोटो ‘डेव्हलप’ करायचे. स्क्रीन मागे आहे, फोटो कार्डात आहे, तुम्ही मालक आहात, पण बघायचं नाही. माझी आजी चकल्यांचा डबा असाच फळीवर ठेवायची. तिने आमच्याकडून कधी ८५० डॉलर घेतले नाहीत.

इथे गंभीर माणूस घसा खाकरतो. “म्हणजे साधेपणाला काही किंमतच नाही का?” आहे ना. त्यासाठीच रिकोचा जीआर३ बघा, २०१९चा. खिडकी नाही. आधीच्या मॉडेलमधला फ्लॅशही काढला. स्क्रीन खिळलेला. झूम नाही. बॅटरी दोनशे फोटोंत मान टाकते. लेन्सच्या नळीतून आत धूळ शिरल्याच्या तक्रारी जगभर, आणि लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी पुसायची सोय नाही. वाचून वाटेल, हाही त्याच पंथातला. पण हातात घ्या. २५७ ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात खरोखर मावतो. (एक्स१००व्हीआय ५५ मिलिमीटर जाड आहे, तो ज्या खिशात मावतो तो खिसा शिंप्याकडून नव्हे, सुताराकडून करून घ्यावा लागेल.) जीआरमध्ये जे नाही, ते नसल्यामुळे तो लहान झाला. आणि त्यात ‘स्नॅप फोकस’ आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा दोन मीटर. अपर्चर एफ/८ ठेवलं की या लेन्सला साधारण एक मीटरपासून थेट लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट मिळतं. बटण दाबलं की फोटो. फोकस शोधायचा वेळच नाही. फुलबाजाराच्या गर्दीत हमालाच्या वाटेत न येता, चालता चालता, कमरेच्या उंचीवरून. जपानचे दाइदो मोरियामा असे लहान रिको घेऊन रस्ते पालथे घालत आले, ते उगीच नाही. इथे प्रत्येक ‘नाही’च्या बदल्यात काहीतरी ‘आहे’ मिळतं. फरक एवढाच, आणि एवढाच महत्त्वाचा.

तुम्ही म्हणाल, परीक्षकांनी हे सांगायला नको होतं का? परीक्षक बिचारे विटांच्या भिंतीचे फोटो काढण्यात गुंतलेत. भिंत, मांजर, कॉफीचा कप, मग कोपऱ्याचा तुकडा भिंग लावून. त्यांची निष्ठा बघा. पहिल्या एक्स१००पासून २०१७च्या एक्स१००एफपर्यंत एकच लेन्स होती; एफ/२वर जवळून फोटो काढला की चित्रावर धुकट पडदा यायचा. याला परीक्षक काय म्हणत? ‘कॅरेक्टर’. ‘ड्रीमी रेंडरिंग’. २०२०ला एक्स१००व्हीमध्ये नवी लेन्स आली, पडदा गेला. तेच लोक म्हणाले, वा, काय धारदार! मग ते कॅरेक्टर कुठे गेलं हो? शोकसभा तरी घ्यायची.

एक माणूस मात्र सरळ बोलला होता. मायकेल रायकमन या कॅनेडियन छायाचित्रकाराने २००८मध्ये तोच कोंबलेल्या पिक्सेलचा जी१०, किंमत ५०० डॉलर, आणि ४०,००० डॉलरची हॅसलब्लाड-फेज वन जोडी यांचे १३ बाय १९ इंची प्रिंट शेजारी शेजारी ठेवले आणि जाणकारांना ओळखायला सांगितलं. खात्रीने कुणालाच सांगता येईना. चांगला उजेड आणि मध्यम आकाराचा प्रिंट, एवढ्यावर ३९,५०० डॉलरचा फरक विरघळून गेला. आपण तर प्रिंटही काढत नाही. ४ कोटी पिक्सेलचं चित्र आपण कुठे बघतो? फोनवर. व्हॉट्सअॅपने चेचून पाठवलेलं.

या मंडळींचा आराध्य देव म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्याचं नाव घेतल्याशिवाय एकही फोटोवॉक सुरू होत नाही. हा देव आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, म्हणतात, कॅमेरा कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून. भक्त काय करतात? चंदेरी मॉडेलसाठी रांगेत उभे राहतात, त्याला तांबूस चामड्याचा अंगरखा शिवतात, वर लाल टिकली लावतात आणि मग रस्त्यावर अदृश्य व्हायला निघतात.

असो. खरेदीला निघालेल्या वाचकासाठी एक कसोटी देतो, बोरा बाजारच्या काउंटरवर उभं राहून मनातल्या मनात वापरा. दुकानदार जेव्हा म्हणेल, “साहेब, यात अमुक नाही, पण तीच तर ब्यूटी आहे,” तेव्हा विचारा : ते नसल्यामुळे कॅमेरा लहान झाला का? स्वस्त झाला का? झटपट झाला का? तीनपैकी एकाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या ‘नाही’ला मान द्या. एकही नसेल, तर तुम्हाला व्रत विकलं जातंय, आणि उद्यापनाचा खर्चही तुमच्याच बिलात लावलाय.

एक्स१००व्हीआय या कसोटीवर घासून बघू. झूम नाही, म्हणून एफ/२ची लेन्स एवढीशी झाली : पास. लेन्स बदलत नाही, म्हणून शटर लेन्सच्या आत आणि मुकं : पास, मानाचा. पावसाची रिंग पेटीत नाही : नापास. आयएसओचं कुलूप : नापास, आणि पालकांना घेऊन ये. एकूण प्रथम श्रेणी. पैसे असतील, ३५ मिलिमीटर डोळ्यात बसलं असेल, तर घ्या, खुशाल घ्या, आयएसओ ‘सी’वर टाका आणि त्या खिडकीतून दुनिया बघा. हमालाला वाट द्या.

आणि यंत्र नको, नुसतं वैराग्यच हवं असेल, तर ते फुकट मिळतं. फोनमधल्या झूमला बोट लावू नका आणि रविवार संपेपर्यंत गॅलरी उघडू नका. दीड लाख वाचले, लाल टिकलीचे वेगळे.